घडते एका यंत्रावर, चालते दुसऱ्यावर
‘कवच’पासून शेतातील मोबाइल स्टार्टरपर्यंतच्या आज्ञावलींमागील ‘क्रॉस-कंपायलेशन’ची ओळख

चुडावा (जि. परभणी) : प्रतिनिधी

पूर्णा जंक्शन सोडून नांदेडच्या दिशेने निघालेली गाडी लिंबगावच्या आधी चुडावा हे छोटेसे स्थानक ओलांडते. खिडकीत बसलेल्या प्रवाशाचे या स्थानकाकडे लक्ष जाईलच असे नाही. मात्र ज्या मार्गावर हे स्थानक आहे, त्या मार्गाचे नाव गेल्या काही वर्षांत रेल्वेच्या सुरक्षेच्या चर्चेत वारंवार येत आहे. गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली दक्षिण मध्य रेल्वेने २०२३ पर्यंत १,४६५ किलोमीटर मार्गावर बसविली. त्यात मनमाड-परभणी-नांदेड-सिकंदराबाद-गदवाल-धोन-गुंटकल हा ९५९ किलोमीटरचा पट्टा आहे आणि चुडावा याच पट्ट्यात येते.

‘कवच’विषयी बोलताना मनोरे, इंजिनातील पडदा आणि आपोआप लागणारे ब्रेक यांची चर्चा होते. या साऱ्याला चालविणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, कोठे आणि कसे तयार होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर संगणकशास्त्रातील एका जुन्या, पण अलीकडच्या दहा वर्षांत कमालीच्या सोप्या झालेल्या तंत्रात आहे. या तंत्राला ‘क्रॉस-कंपायलेशन’ म्हणतात. ज्या यंत्रावर आज्ञावली घडते ते यंत्र एक आणि ज्यावर ती चालते ते दुसरेच, असा हा प्रकार होय.

डबीत दडलेला संगणक

‘कवच’ची रचना थोडक्यात अशी आहे. रुळांमध्ये ठरावीक अंतरावर रेडिओ लहरींनी वाचता येतील असे टॅग बसविलेले असतात. इंजिनातील यंत्र ते वाचून गाडी नेमकी कोठे आहे हे ओळखते. स्थानकातील यंत्र सिग्नलची स्थिती जाणून घेऊन ती रेडिओवरून इंजिनाला कळविते. लाल सिग्नल ओलांडला जाण्याची शक्यता दिसली किंवा वेग मर्यादेबाहेर गेला आणि लोको पायलटने वेळीच दखल घेतली नाही, तर प्रणाली स्वतः ब्रेक लावते. २०१६ च्या फेब्रुवारीत प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या सुरू झाल्या. जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून तिचा स्वीकार झाला आणि १६ जुलै २०२४ रोजी तिच्या ४.० या सुधारित आवृत्तीला मान्यता मिळाली.

इंजिनातील वा स्थानकातील अशा यंत्राच्या पोटात एक संगणकच असतो, मात्र तो आपल्या टेबलावरील संगणकासारखा नसतो. त्याची स्मृती बेताची असते आणि दिलेले एकच काम त्याने वर्षानुवर्षे न चुकता करावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. अशा यंत्रावर बसून कोणी आज्ञावली लिहीत नाही. ती लिहिली जाते कार्यालयातील नेहमीच्या संगणकावर आणि तयार झाल्यावर या यंत्रात भरली जाते.

हा प्रकार केवळ रेल्वेपुरता नाही. मराठवाड्यात रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या वेळी घरबसल्या विहिरीवरचा पंप सुरू करण्यासाठी शेतकरी जो मोबाइल स्टार्टर वापरतात, त्यातही असाच एक छोटा प्रोसेसर असतो. घरातील वायफायची पेटी, दुकानातील वजनकाटा, धुलाई यंत्र या सर्वांची गोष्ट तीच आहे.

भाषा एक, यंत्रे अनेक

प्रोग्रामर सी, गो किंवा रस्ट अशा भाषांत मजकूर लिहितो. प्रोसेसरला यातले काहीही समजत नाही. त्याला समजतात त्या केवळ आकड्यांच्या रूपातील यंत्राज्ञा. प्रोग्रामरच्या मजकुराचे यंत्राज्ञांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. कंपायलर आणि त्याच्या जोडीने लागणारी इतर अवजारे यांच्या संचाला ‘टूलचेन’ असे नाव आहे.

अडचण अशी की, सर्व प्रोसेसरांच्या यंत्राज्ञा सारख्या नसतात. कार्यालयांतील बहुसंख्य संगणक इंटेल आणि एएमडी यांच्या ‘एक्स-८६’ घराण्याचे आहेत. मोबाइल फोन जवळजवळ सर्वच ‘आर्म’ घराण्याचे आहेत. ‘रिस्क-फाइव्ह’ हे तिसरे, मुक्त घराणे आता जोर धरीत आहे. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि ‘सी-डॅक’चा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर याच घराण्यातले. एका घराण्यासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही.

नेहमीचा कंपायलर ज्या यंत्रावर चालतो, त्याच यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. क्रॉस-कंपायलर मात्र स्वतः एका घराण्याच्या यंत्रावर चालतो आणि दुसऱ्या घराण्याच्या यंत्राज्ञा तयार करतो.

शिंप्याचे उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानात येईल. गिऱ्हाईक दुकानात उभे असेल, तर शिंपी कपडा लगेच अंगावर घालून पाहतो आणि जागच्या जागी दुरुस्त करतो. गिऱ्हाईक परगावी असेल, तर त्याचे माप लिहून मागवावे लागते. माप अचूक असेल तर कपडा नीट शिवला जातो. तरीही तो अंगाला बसला की नाही, हे परगावच्या माणसाने घातल्यावरच कळते. क्रॉस-कंपायलेशनचा सारा व्यवहार या दोन गोष्टींभोवती फिरतो : माप नेमके मिळणे आणि कपडा अंगावर घालून पाहणे.

अल्बुकर्कीची परीक्षा

या तंत्राचा एक गाजलेला प्रसंग १९७५ सालचा आहे. ‘अल्टेअर’ नावाच्या छोट्या संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार करण्याचे बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी ठरविले. अल्टेअरमध्ये इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर होता. या दोघांकडे ना अल्टेअर होता, ना तो प्रोसेसर. हार्वर्ड विद्यापीठात ‘पीडीपी-१०’ हा मोठा संगणक होता. अ‍ॅलन यांनी ८०८० ची माहितीपुस्तिका वाचून त्या मोठ्या संगणकावर ८०८० ची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली आणि तिच्या आधारे बेसिक तयार झाले.

कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उतरविलेली ती आज्ञावली घेऊन अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कीला गेले. फीत यंत्राच्या स्मृतीत भरण्यासाठी एक छोटी आज्ञावली लागते, ती आपण लिहिलेलीच नाही, हे त्यांच्या लक्षात प्रवासात आले. विमान उतरेपर्यंत त्यांनी ती हाताने लिहून काढली. प्रत्यक्ष अल्टेअरवर फीत चढविल्यानंतर दोन अधिक दोन किती, या प्रश्नाला यंत्राने चार असे उत्तर दिले. मायक्रोसॉफ्ट या कंपनीचा आरंभ असा झाला.

माप पुस्तिकेतून मिळाले होते आणि ते बरोबर ठरले. मात्र अल्टेअरवर ते उत्तर उमटेपर्यंत कोणालाही खात्री नव्हती.

माप कोठे चुकते?

पहिली चूक आकडे साठविण्याच्या क्रमात होते. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा एककाचे पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोनचा अंक आधी येतो. प्रोसेसरांतही असे दोन पंथ आहेत. २५८ हा आकडा दोन खणांत साठवायचा असेल, तर एक पंथ ‘१, २’ असे ठेवतो, कारण २५६ चा एक गट आणि वर दोन. दुसरा पंथ तोच आकडा ‘२, १’ असा ठेवतो. एका पंथाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचले, तर २५८ चे ५१३ होतात. हे केवळ समजुतीसाठी घेतलेले उदाहरण आहे. पण तो आकडा पुढील सिग्नलपर्यंतचे अंतर असेल तर काय होईल, याची कल्पना वाचकांना करता येईल.

दुसरी अडचण काळाच्या मोजणीची आहे. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून तारीख ठरवितात. हा आकडा ३२ बिटांत साठविला, तर भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी त्याची मर्यादा संपते. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर ही अडचण दिसतही नाही. तीच आज्ञावली ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रासाठी रूपांतरित केली की ती डोके वर काढते. एकदा बसविले की दीर्घकाळ चालावे, अशा अपेक्षेने तयार होणाऱ्या यंत्रांच्या दृष्टीने २०३८ फार दूर नाही.

तिसरी, आणि व्यवहारात सर्वाधिक डोकेदुखीची बाब लायब्ररींची आहे. कोणतीही आज्ञावली एकटी नसते. फाइल उघडणे, मजकूर छापणे यांसारख्या कामांसाठी ती यंत्रावर आधीच असलेल्या लायब्ररींचा आधार घेते. प्रोग्रामरच्या संगणकावर या लायब्ररीची नवी आवृत्ती आणि लक्ष्य-यंत्रावर जुनी असेल, तर सर्व यंत्राज्ञा बरोबर असूनही आज्ञावली सुरूच होत नाही. म्हणूनच लक्ष्य-यंत्रावरील लायब्ररींची एक प्रत आपल्या संगणकावर बाळगावी लागते.

मुंबईचा धागा

या क्षेत्रातील दोन मोठ्या प्रकल्पांचा महाराष्ट्राशी संबंध आहे. पहिला ‘जीसीसी’. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केलेला हा कंपायलर अनेक प्रोसेसर-घराण्यांसाठी रूपांतर करू शकतो. त्याचा पसारा अवाढव्य असल्याने तो आतून समजून घेणे मोठे कठीण. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभे राहिले आणि जीसीसीच्या अंतरंगाची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा तेथे घेण्यात आल्या.

जीसीसीच्या व्यवहारात तीन यंत्रांची नावे येतात : कंपायलर जेथे बांधला जातो ते, तो जेथे चालतो ते आणि तो ज्याच्यासाठी यंत्राज्ञा तयार करतो ते. तिन्ही यंत्रे निरनिराळी असली, तर त्या प्रकाराला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. हे नाव पडले त्या काळी कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढेच त्याचे कारण.

दुसरा प्रकल्प ‘एलएलव्हीएम’. मुंबई आयआयटीचे पदवीधर विक्रम अडवे आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी इलिनॉय विद्यापीठात २००० च्या सुमारास त्याचा पाया घातला. त्यामागची कल्पना साधी होती. प्रत्येक भाषेतून प्रत्येक प्रोसेसरसाठी स्वतंत्र भाषांतरकार ठेवण्याऐवजी सर्व भाषांचे आधी एका सामाईक मधल्या भाषेत रूपांतर करावे आणि तेथून हव्या त्या प्रोसेसरच्या भाषेत जावे. दहा भाषा आणि दहा प्रोसेसर असतील, तर शंभर भाषांतरकारांऐवजी वीस पुरतात. जीसीसीतही मधली भाषा होतीच. पण एलएलव्हीएमने हे सारे सुटे, पुन्हा वापरता येण्याजोगे भाग म्हणून उपलब्ध केले आणि एकाच कंपायलरमध्ये अनेक लक्ष्ये एकत्र नांदू लागली. २०१२ चा ‘एसीएम’चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार लॅटनर, अडवे आणि इव्हान चेंग यांना या कार्यासाठी मिळाला.

एका ओळीचे काम

पंधरा-वीस वर्षांपूर्वी क्रॉस-कंपायलर उभा करणे हे तज्ज्ञाचे काम होते. प्रत्येक लक्ष्यासाठी जीसीसी वेगळा बांधावा लागे, लायब्ररी जुळवाव्या लागत आणि एखादी आवृत्ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. नव्या भाषांनी हे चित्र बदलले.

गूगलमध्ये जन्मलेल्या ‘गो’ भाषेची १.५ ही आवृत्ती ऑगस्ट २०१५ मध्ये आली. तिच्यात गोचा कंपायलर गो भाषेतच लिहिलेला होता. तेव्हापासून ‘जीओओएस’ आणि ‘जीओआर्क’ या दोन खुणांत अनुक्रमे लक्ष्याची कार्यप्रणाली आणि प्रोसेसर लिहिला की काम भागते. विंडोजच्या लॅपटॉपवर बसून लिनक्सवर चालणाऱ्या आर्म यंत्रासाठी आज्ञावली काही सेकंदांत तयार होते. अट एकच. आज्ञावलीत सी भाषेतील लायब्ररीचा भाग मिसळलेला असेल, तर सीचा क्रॉस-कंपायलर पुन्हा शोधावा लागतो.

‘रस्ट’ची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. रस्टचा कंपायलर एलएलव्हीएमवर आधारलेला आहे. ‘रस्टअप’ या साधनाला लक्ष्याचे नाव सांगितले की त्या लक्ष्यासाठीची मूळ लायब्ररी इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते. स्मृतीच्या हाताळणीतील अनेक चुका रस्टचा कंपायलर रूपांतराच्या वेळीच पकडतो, त्यामुळे छोट्या यंत्रांच्या क्षेत्रात या भाषेविषयी विशेष औत्सुक्य आहे.

लायब्ररीचा प्रश्न सर्वांत थेट हाताळला तो अँड्र्यू केली यांच्या ‘झिग’ने. २०२० मध्ये झिगच्या संचात सी भाषेचा क्रॉस-कंपायलरही मिळू लागला. अनेक लक्ष्यांसाठी लागणाऱ्या सी लायब्ररीची सामग्री त्या संचातच असते आणि लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती गृहीत धरायची, हेही सांगता येते. म्हणूनच झिग भाषा न वापरणारेही झिगचा संच वापरतात. ‘उबर’ कंपनीने आपल्या आज्ञावली आर्म घराण्याच्या सर्व्हरवर नेताना हाच मार्ग पत्करला.

तयार झाली, पण चालेल का?

येथवरचे वर्णन वाचून प्रश्न सुटला, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात सुटला तो प्रश्नाचा अर्धा भाग. माप मिळविणे सोपे झाले. कपडा अंगावर घालून पाहण्याचे काम तसेच उरले.

रस्टच्या कर्त्यांनी हा फरक प्रामाणिकपणे मांडला आहे. त्यांनी लक्ष्य-यंत्रांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीतील लक्ष्यांवर आज्ञावली ‘चालेल’ अशी हमी आहे. दुसऱ्या श्रेणीत ती ‘तयार होईल’ एवढीच हमी आहे. तिसऱ्या श्रेणीत तीही नाही. लिनक्सवरील ६४ बिटांचे आर्म हे लक्ष्य दुसरीतून पहिल्या श्रेणीत आले ते डिसेंबर २०२० च्या अखेरीस, कारण पहिल्या श्रेणीसाठी प्रत्येक बदलानंतर त्या लक्ष्यावर चाचण्या नियमाने व्हाव्या लागतात.

परक्या प्रोसेसरची नक्कल करणारे ‘क्यूईएमयू’सारखे साधन चाचणीसाठी उपयोगी पडते. अ‍ॅलन यांनी १९७५ मध्ये केले तेच काम ते आज करते. तरीही नक्कल ती नक्कलच. रुळावरील थरथर, उन्हाळ्यातील तापमान, रेडिओ संदेश पोहोचण्यास लागलेला विलंब या गोष्टी नकलेत उमटत नाहीत.

रेल्वेच्या सुरक्षेचे निकष म्हणूनच कडक आहेत. ‘कवच’साठी सुरक्षेची ‘सिल-४’ ही सर्वोच्च पातळी ठरविण्यात आली. या पातळीवर एका तासात धोकादायक बिघाड होण्याची शक्यता दहा कोटींत एकाहून कमी असावी लागते. दहा कोटी तास म्हणजे ११ हजार वर्षांहून अधिक काळ. रेल्वे सॉफ्टवेअरच्या ‘ईएन ५०१२८’ या युरोपीय मानकात केवळ आज्ञावलीचीच नव्हे, तर ती घडविणाऱ्या साधनांचीही वर्गवारी केलेली आहे. कंपायलरचा समावेश ‘टी-३’ या सर्वांत जोखमीच्या वर्गात होतो, कारण त्याची चूक थेट यंत्राज्ञांत उतरते आणि मूळ मजकूर कितीही तपासला तरी ती दिसत नाही.

अशा क्षेत्रांत नवी साधने सावकाश का शिरतात, याचे उत्तर येथे मिळते. जर्मनीतील फेरस सिस्टिम्सच्या ‘फेरोसीन’ या रस्ट कंपायलरला वाहने आणि औद्योगिक यंत्रांच्या सुरक्षा-मानकांनुसार मान्यता मिळाली ती २०२३ मध्ये, म्हणजे रस्टच्या पहिल्या आवृत्तीनंतर आठ वर्षांनी.

भरवशाचा प्रश्न

आणखी एक शंका उरते. यंत्रात भरलेल्या यंत्राज्ञा तपासलेल्या मजकुरापासूनच तयार झाल्या, हे कशावरून? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरमध्येच चोरवाट दडविली, तर मूळ मजकुरात तिचा मागमूसही राहत नाही.

यावरचा एक उपाय क्रॉस-कंपायलेशननेच हाताशी आणून दिला आहे. तोच मजकूर दोन भिन्न यंत्रांवर स्वतंत्रपणे रूपांतरित करावा आणि हाती आलेल्या यंत्राज्ञा अक्षरशः सारख्या आहेत का, ते पाहावे. सारख्या असतील, तर मधल्या कोणा एका यंत्रावर ढवळाढवळ झाल्याचा संशय पुष्कळ कमी होतो. गोच्या ऑगस्ट २०२३ मधील १.२१ या आवृत्तीपासून तिचा संपूर्ण साधनसंच या कसोटीला उतरतो. तो विंडोजवर बांधा की लिनक्सवर, एका बाइटचाही फरक पडत नाही. आपल्याकडे सार्वजनिक सुरक्षेची यंत्रे खरेदी करताना निविदांत अशी अट घालण्याचा विचार व्हावयास हवा.

मराठवाड्यासाठी संधी

क्रॉस-कंपायलर उभा करण्यात पूर्वी आठवडे जात, ते काम आता विनामूल्य साधनांनी आणि साध्या लॅपटॉपवर होते. परभणी-नांदेडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला पंपाच्या स्टार्टरसाठी किंवा ठिबक सिंचनाच्या नियंत्रकासाठी आज्ञावली लिहायची असेल, तर साधनांअभावी त्याचे आता फारसे अडणार नाही. काही शे रुपयांचा प्रोसेसर-बोर्ड आणि इंटरनेट एवढी सामग्री त्याला पुरेशी आहे. त्याच्यापाशी एक गोष्ट अशी आहे, जी दूरच्या शहरातील कंपनीकडे सहजासहजी नसते. ते यंत्र जेथे चालायचे, ते शेत त्याच्या गावातच आहे. विजेचा कमी-जास्त होणारा दाब, विहिरीवर मधूनच तुटणारे मोबाइलचे जाळे, पावसाळ्यातील दमट हवा यांत आपली आज्ञावली टिकते की नाही, हे तो त्याच दिवशी पाहू शकतो.

चुडाव्यावरून धडधडत जाणाऱ्या गाडीतील प्रवाशाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. आज्ञावली कोणत्या भाषेत लिहिली आणि कोणत्या कंपायलरने घडविली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सिग्नल लाल असताना गाडी थांबली पाहिजे, एवढेच त्याचे मागणे आहे. ते पुरे होण्यासाठी कार्यालयातील संगणकावर तयार झालेली आज्ञावली रुळावर, खऱ्या यंत्रात, पुन:पुन्हा तपासली जाणे आवश्यक आहे. ४.० सारखी प्रत्येक नवी आवृत्ती आली की ही तपासणी पुन्हा करावी लागते. नव्या साधनांनी वाचविलेला वेळ या तपासणीकडे वळला, तरच त्या साधनांचा खरा लाभ झाला, असे म्हणता येईल.